टाळ्यांना बंदी होती त्या संध्याकाळी

आमच्या मजल्यावर पाच बिऱ्हाडं होती आणि स्वयंपाकघर एकच. दाराची घंटा वाजली की ती कुणाचीही असू शकायची, पण तैसियाला ती नेहमी आपल्यासाठीच वाजली असं वाटायचं. हातातला चमचा खाली ठेवून, घोटभर पाणी पिऊन मगच ती जागची हलायची. तिच्या लहानपणी तिच्या वडिलांनी ट्राममध्ये पावाच्या रांगेवरून काहीतरी विनोद केला होता. पुढच्या आठवड्यात घंटा वाजली, वडील कोट चढवून दोन माणसांबरोबर जिना उतरले आणि पुढे त्यांचं काय झालं ते घरात कुणालाच कधी कळलं नाही. तेव्हापासून या बाईला भीती जी लागली ती लागलीच. दुकानदाराची भीती, बर्फ खरवडणाऱ्या झाडूवालीची भीती, टेलिफोनची भीती. माझ्याशी बोलतानासुद्धा आधी भिंतीकडे बघायची.

तैसिया प्रोखोरोव्ना भिंगं घासायच्या कारखान्यात कामाला होती. नवरा लवकर गेला, मुलगी एकच, लारिसा. ती डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. तैसियाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, असं आमच्या मजल्यावरच्या कुणीही सांगितलं असतं. पण मी तिला थिएटरात पाहिलं होतं.

लेनिनग्रादमध्ये ज्यांच्याकडे पैसा नाही पण बॅलेचं वेड आहे, अशी माणसं सर्वांत वरच्या सज्जात भेटतात. तिथे उकडतं, मान वाकडी करून बघावं लागतं आणि झुंबर मधे येतं. पण खाली मखमलीच्या खुर्च्यांत बसणाऱ्यांना जे कळत नाही ते वर कळतं, अशी आमची ठाम समजूत होती. आम्ही सगळे ओरेशिनाचे होतो. नीनेल ओरेशिना. इतर नर्तिकांचे लोक होते, त्यांच्याशी आमची भांडणं व्हायची, जिन्यात ढकलाढकली व्हायची. आमच्यातले वेन्यामिन ल्वोविच म्हणजे निवृत्त औषधवाले, सज्जाचे न्यायाधीश. त्यांनी मान हलवली नाही तर नाच झालाच नाही असं समजायचं.

"उजवीकडच्या गिरकीत आज खांदा चढला होता तिचा," एकदा ते म्हणाले.

"खांदा चढला नव्हता, वेन्यामिन ल्वोविच," तैसिया म्हणाली. "तिनं श्वास घेतला. तुम्ही चष्मा पुसा."

मी बघतच राहिले. घरी झाडूवालीला वाट देण्यासाठी भिंतीला चिकटणारी बाई, आणि इथे वेन्यामिन ल्वोविचना चष्मा पुसायला सांगत होती! पडदा पडल्यावर तर तिनं कठड्यावर ओणवं होऊन अशी हाक दिली, "ओरेशिनाऽऽ!", की शेजारच्या म्हातारीनं कान झाकले. घोगरा, खोल, पुरुषी म्हणावा असा आवाज. कुठे दडवून ठेवला होतास हा आवाज, असं मी तिला विचारलं तेव्हा ती लाजली.

"इथं भीती वाटत नाही गं, ईदा," ती म्हणाली. "का ते नको विचारू. वर आलं की नाही वाटत."

ओरेशिना खाली वाकून नमस्कार करताना त्या हाकेच्या दिशेनं एकदा तरी मान वर करायची. चेहरा दिसत नसणार, झगझगीत दिव्यांत वरचा सज्जा म्हणजे काळोख. पण आवाज तिच्या ओळखीचा झाला होता.

तिच्या नाचात आम्ही काय बघायचो ते सांगते. उड्या मारणाऱ्या पुष्कळ होत्या, गिरक्या घेणाऱ्याही होत्या. पण ओरेशिनाच्या पावलांचा आवाज यायचा नाही. बॅलेचे जोडे पुढून कडक असतात. इतर जणी उतरल्या की लाकडावर टकटक व्हायची. ही उतरायची ती भरलेला कप कुणी बशीत अलगद ठेवावा तशी. आणि गिरकी संपताना थांबायचा जो क्षण असतो, तिथे बहुतेकींचा तोल किंचित हलतो, बोटं सावरतात. हिचं काहीच हलायचं नाही, फक्त चेहऱ्यावर काहीतरी उमटायचं. त्यामुळे गिरकी घेतली हे आपण विसरायचो आणि त्या मुलीला काय झालं, कशानं ती अशी थबकली, याचीच चिंता लागायची. वेन्यामिन ल्वोविच म्हणायचे, "कसब सगळ्यांकडे आहे. ही ते लपवते." तैसिया म्हणायची, "लपवत नाही. तिला त्याची गरजच आठवत नाही."

तिची सगळ्यांत गाजलेली भूमिका म्हणजे दीपगृहवाल्याची मुलगी. बाप समुद्रावर गेलेला, तेल संपत आलेलं, आणि ही हातात दिवा घेऊन किनाऱ्यावरून फिरते. शेवटच्या अंकात आधी एक संथ नाच आहे. त्यात एका पायाच्या टोकावर, कुणाच्या हाताचा आधार न घेता, ती दिवा उंच धरून इतका वेळ उभी राहते की बघणाऱ्याचे पाय दुखायला लागतात. मग टाळ्या. मग वादळाचं संगीत सुरू होतं आणि ती उंच लाकडी खडकावर चढून कडेकडेनं गिरक्या घेत जाते. खडकाला कठडा नाही. खाली रंगमंचाची फळकुटं. तो भाग आला की तैसिया माझं मनगट पकडायची, घरी गेल्यावर तिथे निळं दिसायचं.

हे सगळं एका उन्हाळ्यात संपलं. ओरेशिनाचा नवरा रोदिओन, तोही नर्तकच, मंडळींबरोबर परदेशी दौऱ्यावर गेला आणि परत आलाच नाही. तिकडेच राहिला. शहरात कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं. थिएटरच्या भिंतीवरच्या जाहिरातींतून ओरेशिनाचं नाव गेलं. आधी आजारी म्हणाले. मग काहीच म्हणाले नाहीत. तिकिटांच्या रांगेत आम्ही तिचं नाव घेणं बंद केलं. "ती" म्हणायचो, तेही ओठ न हलवता. रांगेत एक नवीन माणूस उभा राहायला लागला होता, त्याला बॅलेतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तरी तो रोज यायचा.

"तुम्ही तिच्याच गोटातल्या ना?" त्यानं एकदा तैसियाला विचारलं.

"मी हातमोज्यांच्या दुकानासाठी उभी होते," तैसिया म्हणाली आणि रांग सोडून निघून गेली. त्यानंतर ती थिएटरच्या रस्त्यानं जाईनाशी झाली. वळसा घालून कारखान्यात जायची.

फेब्रुवारीत कारखान्याच्या कामगार समितीतल्या बुलीगिननं तिला बोलावलं. बुलीगिन गोड बोलणारा, गुबगुबीत माणूस. टेबलावर नेहमी बडीशेपेच्या गोळ्या.

"बसा, तैसिया प्रोखोरोव्ना. घ्या, गोळी घ्या. तुम्हाला बॅले आवडतो म्हणे."

तैसियानं मला नंतर सांगितलं, गोळी तोंडात होती आणि ती गिळायची कशी हेच तिला आठवेना.

"घाबरता काय? आनंदाची गोष्ट आहे. ओरेशिना नाचणार आहे. परदेशी वर्तमानपत्रं बोंबलताहेत ना, तिला कोंडून ठेवलंय म्हणून. घ्या, नाचू दे. तिकिटं विकायची नाहीत, कारखान्यांना वाटायची. आपल्याला आख्खी रांग मिळाली आहे. तुम्हीही चला."

"माझी कामाची पाळी आहे त्या दिवशी, कॉम्रेड बुलीगिन."

"बदलली आहे मी." तो हसला. "एक छोटीशी गोष्ट. आपले लोक शांत बसतील. ज्या बाईचा नवरा देश सोडून पळाला तिच्यासाठी कामगारांनी टाळ्या का वाजवायच्या, नाही का? कुणी शिट्टी मारणार नाही, कुणी उठून जाणार नाही. फक्त शांत. आणि तुमचा आवाज तिकडे सगळ्यांना माहीत आहे म्हणतात. तुम्ही गप्प बसलेल्या दिसलात तर बाकीच्यांनाही कळेल कसं बसायचं ते."

तैसियानं तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली.

"लारिसाची सरकारी नेमणूक या वसंतात ना?" गोळ्यांची बशी पुढे सरकवत तो म्हणाला. "हुशार मुलगी. लेनिनग्रादमध्येच राहिली तर बरं. बाकी देश मोठा आहे, डॉक्टर सगळीकडे लागतात."

त्या दिवसापासून तिचं खाणं तुटलं. कोबीचं सूप उकळत ठेवायची आणि गॅस बंद करून खोलीत जायची. लारिसाला काय झालं ते कळेना.

"आई, बरं नाहीये का तुला?"

"दात दुखतोय."

"कुठला? दाखव."

"राहू दे गं. तू अभ्यास कर. तू फक्त अभ्यास कर."

मला तिनं सांगितलं ते कपडे वाळत घालायच्या माळ्यावर, ओल्या चादरींच्या मागे. मी म्हटलं, "मग गप्प बस ना. दोन-तीन तासांचा प्रश्न. तिला कळेल, लोकांचा नाइलाज आहे." मला खरंच तसं वाटत होतं.

"ते मला जमेल," तैसिया म्हणाली. "गप्प बसणं मला जमतंच. त्याचीच भीती वाटते."

त्या संध्याकाळी कडाक्याची थंडी होती. वेन्यामिन ल्वोविच, मी आणि सज्जातले सगळे बाहेर, कलाकारांच्या दाराशी उभे होतो. आत जायला आम्हाला तिकीटच नव्हतं. पोलीस मधूनमधून म्हणत होता, "नागरिकहो, गर्दी करू नका," आणि आम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन पुन्हा अलीकडे येत होतो. आत जे झालं ते तैसियाकडून ऐकलेलं सांगते.

तिला खाली, मखमलीच्या खुर्चीत बसवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती इतक्या जवळून बघणार होती. एका बाजूला बुलीगिन, दुसऱ्या बाजूला येफिम गोर्देयेविच नावाचा त्यांच्याच कारखान्यातला फिटर, ज्यानं जन्मात बॅले पाहिला नव्हता आणि जो सारखा विचारत होता, "यात बोलतच नाहीत का कुणी?" आख्खं थिएटर अशाच माणसांनी भरलेलं. नवे कोट, ओले केस, गुडघ्यांवर हात. परदेशी पाहुण्यांसाठी बाजूचा एक सज्जा राखला होता, तिथे त्यांच्यावर नजर ठेवायला साध्या कपड्यांतले काही पोलीसही बसले होते, चेहऱ्यांवरून ओळखू येणारे.

ओरेशिना आली. मोठी नर्तिका पहिल्यांदा रंगमंचावर येते तेव्हा टाळ्या पडतात आणि संगीत क्षणभर थांबतं, ही पद्धतच. ती पद्धतीप्रमाणे पुढे आली, थबकली. काहीच नाही. कुणीतरी खोकलं. तिनं मान किंचित कलती केली, ऐकू कमी येणारं माणूस करतं तशी, आणि नाचायला लागली.

"आधी मला वाटलं, ती कच खाईल," तैसिया सांगायची. "पण ती तर अशी नाचली की मी कधी पाहिलंच नव्हतं. वरून आपल्याला आकृती दिसते गं, ईदा. खालून तिच्या पोटऱ्या दिसतात, मानेवरचा घाम दिसतो. आणि त्या सगळ्याच्या वर तो चेहरा, त्याला जणू घामाचा पत्ताच नाही. बाप गेला आणि ही वाट बघते, एवढंच त्या चेहऱ्यावर. मला माझे वडील जिना उतरताना दिसायला लागले."

पण पहिला अंक संपायच्या सुमाराला तिच्या एक गोष्ट लक्षात आली. बॅलेत टाळ्या म्हणजे नुसतं कौतुक नसतं. एक अवघड नाच संपतो, टाळ्या पडतात, नर्तिका वाकून नमस्कार करते, एकदा, दोनदा, आणि तेवढ्यात तिचा श्वास जागेवर येतो. ती तयार झाली की वाद्यवृंदाचा संचालक काठी उचलतो. आज टाळ्याच नाहीत, तर तो बिचारा थांबणार कशासाठी? त्यानं सुरुवातीला थोडं थांबून पाहिलं. पण त्या शांततेत थांबणं त्यालाही सोसवेना. एक नाच संपला की तो लगेच दुसरा सुरू करत होता.

दुसऱ्या अंकात तैसियाला आवाज ऐकू आला. टक. ओरेशिनाचा जोडा लाकडावर वाजला होता. मग पुन्हा, टक. दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं. तैसियाला मात्र वाटलं, कुणीतरी दारावर थाप मारतंय.

"दमली वाटतं बाई," येफिम कुजबुजला.

"शू," बुलीगिन म्हणाला.

शेवटचा अंक. संथ नाच, दिवा, एका पायावरचं ते उभं राहणं. ओरेशिना उभी राहिली. दिवा स्थिर. घोटा थरथरत होता, अगदी बारीक, पाण्यावर वाऱ्याची शिरशिरी यावी तसा. बरगड्या वर-खाली होत होत्या आणि तोंड मिटलेलं, कारण त्या मुलीनं तोंड उघडून धापा टाकल्या तर ती दीपगृहवाल्याची मुलगी राहणार नाही. ती खाली उतरली. इथे आम्ही वर असताना छत फाटायचं. आज शांतता. तिनं वाकून नमस्कार केला, त्या शांततेला. संचालकानं तिच्याकडे पाहिलं, हात घुटमळला आणि वादळाचं संगीत सुरू झालं. ओरेशिना लाकडी खडकाच्या पायऱ्या चढायला लागली तेव्हा तिनं पायरीला हात टेकला. त्या भूमिकेत पायरीला हात टेकायचा नसतो.

ती पडणार. तैसियाला हे इतकं स्पष्ट दिसलं की ती पडलेलीच दिसली. टाळ्या वाजव, नुसत्या टाळ्या, ती स्वतःला म्हणत होती, तू सुरुवात कर, एकजण पुरे, संचालक थांबेल. हात मांडीवर होते. ते वर येईनात. लाकडाचे झाले होते. बुलीगिनच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. लारिसा, तिला आठवलं. लारिसा, लारिसा. आणि वर ओरेशिना खडकाच्या कडेला पोचली, पहिल्या गिरकीसाठी हात उघडले, पाय लटपटला.

तैसियाच्या तोंडून किंकाळी फुटली.

नाव नव्हतं, शब्द नव्हता, नुसती किंकाळी, त्याच घोगऱ्या आवाजात. आणि तैसिया खुर्चीवरून घसरून समोरच्या खुर्चीवर आदळली. बायका ओरडल्या. "डॉक्टर! माणूस मेलं!" येफिम उभा राहून गरजला. वाद्यं एकेक करून गप्प झाली. दिवे लागले. बुलीगिन दोन्ही हात हलवत "बसा, कॉम्रेड, बसा" म्हणत होता आणि कुणी बसत नव्हतं. तिला उचलून बाहेर नेताना तिची मान मागे लटकत होती आणि उलटं दिसलं ते एवढंच: ओरेशिना खडकावरच्या देखाव्यातल्या खांबाला पाठ टेकून उभी आहे, तोंड उघडून श्वास घेते आहे, घेतेच आहे, आणि दिवा अजून हातात आहे.

थिएटरच्या दवाखान्यात एक म्हातारी नर्स होती. तिनं तैसियाची नाडी धरली. बुलीगिन मागोमाग आलाच.

"सोंग आहे का हे?" त्याचा गोडवा गेला होता.

नर्सनं त्याच्याकडे मान वळवली नाही. "सशासारखं पळतंय काळीज. या, तुम्हीच धरून बघा. सोंग करून नाडी पळवता येत असती तर मी इथे बसले नसते."

"बेशुद्ध होती का?"

"मी आणलं शुद्धीवर. आता बाहेर व्हा, हवा येऊ द्या."

भिंतीपलीकडे संगीत पुन्हा सुरू झालं होतं. तैसिया पडल्या पडल्या ऐकत होती. गिरक्यांचा भाग आला, वाढत गेला, तुतारी वाजली, संपला. कुणी ओरडलं नाही म्हणजे ती पडली नसावी. टाळ्यांचा आवाज आला नाही.

नंतरचे आठवडे मी तिच्या शेजारच्या खोलीत काढले आहेत, म्हणून सांगते, तुरुंगात असलेल्या माणसाला तरी आपण कुठे आहोत हे माहीत असतं. जिन्यात पावलं वाजली की ती कोट घालून पलंगावर बसून राहायची. न्यायला आलेच तर म्हणून एका पिशवीत लोकरीचे मोजे, साबण आणि सुकवलेला पाव बांधून दाराशी ठेवलेला. तिला तीनदा बोलावलं, कारखान्यात एकदा आणि त्या दुसऱ्या, पोलिसांच्या कचेरीत दोनदा. कुणाच्या सांगण्यावरून ओरडलीस? कुणाच्याच नाही, मला हृदयाचा त्रास आहे. आधी कधी झाला होता? नेहमी होतो. ते खोटं नव्हतं. शेवटी त्यांनीच कंटाळून सोडलं, पण तिला भिंगांवरून काढून गोदामात पाठवलं.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी घंटा वाजली. तैसिया पाणी प्याली. दार मी उघडलं. बाहेर डोक्याला करडी शाल गुंडाळलेली एक बारीक बाई उभी होती. क्षणभर मी ओळखलंच नाही. रंगमंचावर ती उंच दिसायची.

"तैसिया प्रोखोरोव्ना इथे राहतात का?" ओरेशिना म्हणाली. "थिएटरच्या नर्सबाईंनी पत्ता दिला."

बोळात दारं किलकिली झाली. शेजारच्या खोलीतली क्लावदिया निकानोरोव्ना भांडं पुसायच्या निमित्तानं बाहेर येऊन उभीच राहिली. तैसिया भिंतीला धरून आली.

"तो आवाज तुमचा होता," ओरेशिना म्हणाली. "मी ओळखला. मला एवढंच विचारायचं होतं. तुम्हाला खरंच चक्कर आली होती, की..."

तैसियानं क्लावदियाकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"मला हृदयाचा त्रास आहे," ती म्हणाली. "चक्कर आली. माफ करा, तुमच्या नाचात व्यत्यय आला."

ओरेशिनानं पुढे होऊन तैसियाचे दोन्ही गार हात आपल्या हातांत घेतले, चोळले, लहान मुलाचे चोळतात तसे.

"जपा तुमच्या हृदयाला," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. तिच्या पावलांचा आवाज आला नाही.

"कोण होती गं?" क्लावदियानं विचारलं.

"विमावाली," मी म्हटलं.

तैसिया मला ओढत स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि नळ पूर्ण सोडला. पाण्याच्या आवाजात बोललं की बाहेर ऐकू जात नाही, असं आम्ही सगळेच मानायचो.

"मी खोटं बोलले का तिच्याशी?" ती माझ्या कानाशी म्हणाली. "मलाच माहीत नाही, ईदा. मी ठरवलं नव्हतं. शपथ, ठरवलं नव्हतं. टाळी वाजवायला हात उचलत होते आणि ते उचलेनात, मग छातीत काहीतरी फुटलं. ते धैर्य असतं का? भीतीनंच ओरडले मी. तिला कसं सांगू की भीतीनं ओरडले?"

"आलीस तिच्या उपयोगाला," मी म्हटलं. "पुरे झालं."

दार उघडलं. क्लावदिया. "पाणी काय फुकट येतं का, बायांनो?"

तैसियानं झटकन नळ बंद केला.

मे महिन्यात नेमणुका लागल्या. लारिसाला ओखोत्स्कच्या समुद्राकाठच्या एका बंदरगावी पाठवलं, जिथे पोचायलाच आठवडा जातो. पोरगी रात्रभर रडली आणि सकाळी आईला म्हणाली, "लोक म्हणतात तुझ्यामुळे झालं. आई, खरं सांग, तुझ्यामुळे झालं का?" तैसियानं तिला पोटाशी धरलं. लारिसा गेली. पुढे तिथल्याच एका जहाजाच्या इंजिनियरशी तिनं लग्न केलं, दोन मुलं झाली, बरं चाललं. पण त्या वसंतात ते कुणाला माहीत नव्हतं. ओरेशिना पुन्हा आमच्या शहरात नाचली नाही. उरलच्या एका गावात मुलींना शिकवते असं ऐकलं.

आणि तैसियाला त्या संध्याकाळपासून एकच गोष्ट खात होती, जी तिनं वेन्यामिन ल्वोविचपाशी एकदा बोलून दाखवली तेव्हा त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तैसियाला बाहेर नेलं त्यानंतरच्या ओरेशिनाच्या गिरक्या आमच्यापैकी कुणीच पाहिल्या नव्हत्या. आत होते त्या सगळ्यांना आपण काय बघितलं ते माहीत नव्हतं, आणि ज्यांना ते कळलं असतं ते आम्ही सगळे बाहेर बर्फात होतो.

लारिसाची गाडी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या जेवणघरात तैसिया आपलं ताट घेऊन थेट येफिम गोर्देयेविचच्या टेबलाशी गेली. इतके महिने ती त्याला टाळत होती आणि तोही तिला.

"बसू का?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. बुलीगिन लांबच्या टेबलावर होता. "बसा," तो तोंडात घास धरून म्हणाला. "पण बोलू नका."

"मला नेल्यावर काय झालं?"

"काय होणार? गडबड शमली, दिवे गेले, नाचली ती."

"कशी?"

येफिमनं चमचा खाली ठेवला. "मला काय कळतंय त्यातलं? वर चढली. कडेला आली. मी म्हटलं, आता ही जाते खाली. माझ्या बायकोला मी शिडीवर चढू देत नाही."

"मग?"

"मग हे असं." त्यानं तेलकट टेबलावर दोन जाड बोटं उभी केली. एका बोटाचं टोक टेकवलं, दुसरं दुमडलं आणि मनगट हळूहळू फिरवायला लागला, टेबलाच्या कडेकडेनं, ताटापासून मिठाच्या भांड्यापर्यंत. तैसिया बघत होती. मनगट फिरेना तेव्हा त्यानं हात उचलून पुन्हा टेकवला, अगदी हलकेच. "आवाज नाही आला. आधी येत होता थोडा. या वेळी नाही. आणि दिवा धरलेला होता तो असा, सरळ. शेवटी थांबली ती थांबलीच. हलली नाही. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला वाटलं, हिचं कुणीतरी परत येतंय समुद्रावरून."

"टाळ्या?"

"सांगितलं होतं ना नाही म्हणून." तो खाली बघत म्हणाला. "मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो. शेजारी बघतो तर तोही. आपली आख्खी रांग."

बुलीगिन उठून त्यांच्या दिशेनं यायला लागला होता. येफिमनं घाईघाईनं चमचा उचलला. तैसिया मात्र उठली नाही. तिनं ताट थोडं बाजूला सरकवून जागा केली.

"पुन्हा एकदा दाखवा," ती म्हणाली. "कडेला आली तिथपासून."